फाटक बंद होते

बसमधून उतरून दोन पावलं चालल्यावर त्याच्या लक्षात आलं, फलकावरची एक ओळ गेली आहे. त्यासाठी तो मुद्दाम थांबला वगैरे नाही. मागून येणाऱ्या माणसाचा खांदा लागला म्हणून बाजूला झाला, आणि बाजूला झाला तो नेमका फलकासमोर. शहरभर रस्त्यांच्या कडेला उभे असलेले एकशे अठरा फलक त्याने लिहिले होते, आणि येताजाता त्यांच्याकडे न बघण्याची सवय त्याला फार पूर्वीच लागली होती. स्वयंपाक करणाऱ्याची भूक मरते, तसलाच प्रकार. पण हा फलक म्हणजे घरचंच माणूस. न बघताही त्याचं काही कमीजास्त झालं तर कळायचं. खांबावर निळा पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं. येथे पूर्वी रेल्वे फाटक होते. मग तारीख, दुपारी पावणेतीनची वेळ, प्रवासी बस आणि मालगाडी यांची धडक, चौदा जण मृत्युमुखी. त्यानंतर एक वाक्य होतं: फाटक बंद होते, बसचालकाने बाजूच्या कच्च्या वाटेने बस रुळांवर घातली. त्या जागी आता नुसता निळा रंग होता. शेवटची ओळ, पुढे हा लोहमार्ग उखडण्यात आला, खाली एकटी पडली होती. त्याने अंगठा फिरवून पाहिला. गुळगुळीत. ओरखडा नाही, पोपडा नाही. कुणीतरी आधी पत्रा घासून घेतला होता, मग त्याच छटेचा निळा शोधून आणून हलक्या हाताने दोनदा लावला होता. टवाळखोरांनी फलकांना मिशा काढलेल्या, चिकट जाहिराती डकवलेल्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्याचा राग येणंही आता बंद झालं होतं. हे काम मात्र त्याच्यापेक्षा नीटनेटकं होतं, आणि तेच त्याला कसंतरी करून गेलं. सकाळी नऊलाच त्याचे पाय दुखायला लागले.

तेवीस वर्षं तो नगरपालिकेच्या वारसा कक्षात होता. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक खिडकी, तीन कपाटं आणि तो. काम सांगायला सोपं: गावात कुठे काय घडलं ते साठ शब्दांत लिहायचं. पत्र्याचं माप ठरलेलं, अक्षराचं माप ठरलेलं, त्यामुळे साठाच्या वर एकसष्टावा शब्द बसत नाही. लढाई असो, विहीर असो, कुणी पहिला छापखाना काढलेला असो, सगळ्यांना साठच. कचेरीत त्याचं नावच ‘साठ शब्द’ पडलं होतं. नव्याने आलेला कारकूनसुद्धा आठवड्याभरात विचारायचा, साहेब, घरीही मोजूनच बोलता का? त्यावर त्याची बायको एकदा म्हणाली होती, साठ मिळाले असते तर मी पेढी उघडली असती. तोही हसला होता. दुसरा नियम असा की फलकावरच्या प्रत्येक विधानाला दोन स्वतंत्र पुरावे हवेत, आणि ते फाइलीत लावून खाली त्याची सही हवी. हा नियम त्यानेच घालून घेतला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, जेव्हा अंगात पाणी होतं आणि आपण काहीतरी कायमचं करतो आहोत असं वाटायचं. पुढे कळलं की फलक वाचतात ते बस चुकलेले लोक. तरी नियम त्याने सोडला नाही. माणसाकडे सोडता न येण्यासारखं काहीतरी असावं लागतं, बाकी सगळं आपोआप सुटत जातं.

त्याच दिवशी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे रस्ते विभागाच्या प्रमुख, वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि वारसा कक्ष कृपेने त्यांच्याच अखत्यारीत टाकलेला. “फाटक चौकाचं रुंदीकरण सुरू होतंय,” त्या म्हणाल्या. “तुमचा तिथला खांब निघणार. नवीन फलक करून घेऊ, मजकूर सोमवारी द्या.” त्याने मिटवलेल्या ओळीचं सांगितलं. मॅडमनी मान वर न करता ऐकलं. “कोणाचा वाद आहे का त्या वाक्यावर?” तो म्हणाला, बघावं लागेल. “वाद असेल तर काढून टाका ना. चौकात उभं राहून कोण वाचतंय? तारीख, आकडा, झालं. उगाच कशाला हात पोळून घ्यायचा?” ते खरंच होतं. इतकं सोपं होतं की त्याला एकदम थकल्यासारखं झालं. मालकाने आपणहून उंबऱ्याशी येऊन, बाबा, तू नाही आलास तरी चालेल, म्हणावं तसं. जिना उतरताना त्याने कठडा धरला. वाक्य काढायचं, म्हणजे ते खोटं होतं असं म्हणायचं नाही आणि खरं होतं असंही नाही. वाक्य कुणाचं होतं ते मॅडमना माहीत नव्हतं. कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. त्या फाटकावरचा माणूस म्हणजे त्याचे वडील.

त्याने फाइल काढली. पुरावा पहिला, रेल्वेच्या चौकशीचा अहवाल, पान चार: फाटकावरील कर्मचाऱ्याच्या जबानीनुसार फाटक बंद होते, आणि अपघातानंतर ते बंदच आढळले. पुरावा दुसरा, वर्तमानपत्राचं कात्रण, पिवळं पडून कडेला मोडायला आलेलं. कात्रणात तेच. बारा वर्षांपूर्वी हे दोन कागद त्याने स्वतः टाचले होते, आणि सही करताना हात थांबला नव्हता. थांबायला हवा होता, कारण तो बातमीदार त्याने पाहिलेला होता. फाटकाला लागून त्यांचं क्वार्टर, एक खोली आणि पडवी. बातमीदार पडवीत पालथ्या बादलीवर बसून लिहून घेत होता आणि दादा, म्हणजे वडील, उभ्या-उभ्या सांगत होते, चौकशीच्या साहेबांना सकाळी सांगितलं तेच, त्याच शब्दांत, पाठ केल्यासारखं. आईने चहा आणून दिला तो दोघांनीही घेतला नाही. तो नऊ वर्षांचा होता, अंगावर पांघरूण घेऊन दारात बसला होता. म्हणजे कागद दोन, पण माणूस एकच. दुसऱ्या कुणी असे पुरावे आणले असते तर त्याने ते कपाळाला आठी घालून परत केले असते; किती जणांचे तसे केलेही होते. आणि खरं सांगायचं तर प्रश्न कागदांचाही नव्हता. त्या दुपारी त्याला ताप होता. आई दवाखान्यातून औषध आणायला गेली होती. कपाळावर ओली पट्टी होती, ती कुणीतरी बदलली, गार पाणी कानाच्या मागे ओघळलं. मग आवाज झाला. त्या आवाजाबद्दल तो कुणाशी कधी बोलला नव्हता आणि बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंही. भांडी पडल्याचा आवाज मोठा केला तर तसा होणार नाही, आणखी कशासारखाही होणार नाही. नंतर सगळं गप्प. आणि त्या गप्पपणात चरखी फिरू लागली. फाटकाचे दोन्ही दांडे खाली आणायची लोखंडी चरखी, तिचा दर दातावर पडणारा खट, खट, खट असा आवाज. तो जन्मापासून ऐकत आला होता, झोपेत मोजू शकला असता. एकवीस खट झाले की फाटक बंद. त्या दिवशी ते एकवीस खट आवाजानंतर झाले. आधी नाही, नंतर. सत्तेचाळीस वर्षांत त्याने हा क्रम उलटा लावून बघायचा किती वेळा प्रयत्न केला होता. तापातलं कशावरून खरं, असं स्वतःला बजावलं होतं. तापात भिंती जवळ येतात, पंखा बोलतो, मग चरखीच तेवढी खरी कशी? आणि दर वेळी, पटवून देऊन झाल्यावर, डोळा लागता लागता, ती आपली फिरायला लागायची, सावकाश, आवाज संपल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चौकात गेला तेव्हा एक बाई फलकासमोर स्टूल टाकून उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, बोटांच्या पेरांत तपकिरी डाग मुरलेले, हातात बारीक ब्रश. उन्हात निळ्याची छटा थोडी वेगळी दिसत होती म्हणून ती तिसरा हात देत होती. लपवाछपवी काहीच नाही. त्याने नगरपालिकेतून आल्याचं सांगितलं. ती स्टुलावरून उतरली, ब्रश चिंधीला पुसला.

“दंड करायचाय का?”

“नाही. हे तुम्ही केलंत?”

“मी फर्निचरला पॉलिश करते, तीस वर्षं झाली. पत्र्यावर पहिल्यांदाच केलं. जमलंय ना?”

“जमलंय,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“चालक माझे बाबा होते,” ती म्हणाली. “मी सहा वर्षांची होते. तसे ते मला फारसे आठवत नाहीत, खोटं कशाला बोलू? वास आठवतो डिझेलचा. पण आई जिथे कामाला लागायची तिथे महिन्याभरात कुणीतरी बोलायचंच, तेरा जणांना घेऊन गेला त्याची बायको. मग आई ते घर सोडायची. आम्ही सात घरं बदलली. पुढे लोक मेले, विसरले, आईही गेली. म्हटलं, चला, संपलं एकदाचं. तर तुम्ही हा लावलात.” ती रागावून बोलत नव्हती. तेच त्याला सोसेना. “पहिल्यांदा वाचला तेव्हा काहीच वाटलं नाही. घरी गेले, जेवले. आठ दिवसांनी एका कपाटाला पॉलिश करत होते, तर रडूच आवरेना.”

“तक्रार करायची होती.”

“केली की. तीनदा. तिन्ही वेळा उत्तर आलं, विधानास दोन स्वतंत्र पुरावे उपलब्ध आहेत.” तिने वाक्य जसंच्या तसं म्हटलं. “खाली सही कुणाची ते लागत नव्हतं. तुमचीच असेल.”

ती त्याचीच होती. असली उत्तरं तो महिन्याला चार-पाच पाठवायचा, मजकूर तयार होता, वरचं नाव बदललं की झालं. तिचं पत्र त्याने वाचलं असेल. नक्कीच वाचलं असेल. आठवेना मात्र. आपण काय विसरलो आहोत हे आठवण्याचा प्रयत्न करत तो उभा राहिला आणि बाजूने बसेस जात राहिल्या.

“चौक मोठा होतोय, फलक नवा करणार म्हणे,” ती म्हणाली. “तेवढं वाक्य घालू नका. बाबांना देव करा म्हणत नाही मी. घातलीही असेल त्यांनी बस, मला काय माहीत? पण तुम्हालाही माहीत नाही ना? मग माहीत नाही म्हणा की.”

तुम्हालाही माहीत नाही ना. त्याने मान हलवली. तिला तो होकार वाटला असावा. तिने स्टूल मिटलं, डब्याचं झाकण हाताच्या बुडाने दाबून बसवलं आणि निघाली. आपण कुणाचे कोण ते त्याने सांगितलं नाही. चौक ओलांडताना त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याला झोप यायची; लहानपणापासूनचं होतं ते.

घरी बायकोला सगळं सांगितलं, चरखी सोडून. तीही मॅडमसारखंच म्हणाली, काढून टाका, सुंठीवाचून खोकला गेला. मग त्याच्याकडे पाहत राहिली. “एवढ्यावर तुम्ही दोन दिवस जेवत नाही आहात, म्हणजे एवढंच नाही,” असं म्हणून तिने ताट वाढलं आणि पुढे विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की या माणसाला विचारलं की तो आत जातो, न विचारता सोडला की कधीतरी दारापर्यंत येतो. वाक्य काढलं तर काय होईल? काही नाही. बाई सुटेल, थोडी. तेरा जणांना घेऊन गेला हे मात्र अहवालात राहील, कात्रणात राहील, ती मरेपर्यंत तिच्या डोक्यात राहील, आणि कदाचित बाबांनीच केलं असेल असं तिलाही वाटत राहील. आणि दादा? दादा चौऱ्याऐंशीचे. हा फलक त्याने खरं तर त्यांच्यासाठी केला होता. मोठ्या हौसेने, भेट म्हणून. चौकशीतून निर्दोष सुटलेला माणूस आयुष्यभर मान खाली घालून का चालतो, हा प्रश्न त्याने स्वतःला पडू दिला नव्हता. त्याला वाटलं होतं, एकदा पत्र्यावर लिहिलं की तो माणूस ताठ चालेल. फलक लागला त्या दिवशी सांगितलं तर दादा म्हणाले होते, “कशाला?” एवढंच. अनावरणाला आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. बारा वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नाहीत. भाजी आणायलासुद्धा चौक टाळून लांबच्या गल्लीने जायचे, जाता येत होतं तोवर. हे सगळं त्याला दिसत होतं आणि तरीही दिसत नव्हतं. आपण बापाला भेट दिली नाही, आपण त्याला रस्त्यात अडवून धरलं, हे त्या रात्रीच्या जेवणावर त्याला पहिल्यांदा कळलं.

रविवारी तो दादांची नखं कापायचा. त्यांना आता वाकता येत नव्हतं, बोटंही थरथरत. कोमट पाण्याच्या तपेलीत हात बुडवून दहा मिनिटं ठेवायचे, मग खिडकीपाशी खुर्ची ओढून, त्यांच्या मांडीवर पंचा टाकून, एकेक बोट धरायचं. दादांची नखं जाड, चरखीने आयुष्यभर मारलेली, अंगठ्याचं तर दुभंगलेलं. दोघं बोलत नसत. या बाप-लेकांमध्ये जे काही प्रेम होतं ते या अर्ध्या तासातच होतं म्हटलं तरी चालेल.

“फाटकावरचा फलक बदलतोय,” तो करंगळी धरून म्हणाला. “रस्ता मोठा होतोय.”

“बरं.”

“बंद होतं, ते वाक्य काढावं असं चाललंय. त्या चालकाची मुलगी भेटली.”

दादा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे पाइप. करंगळी झाली, शेजारचं बोट झालं. मधल्या बोटावर आल्यावर त्यांनी विचारलं, “तू झोपला होतास ना तेव्हा?”

आवाज अगदी साधा होता, भाजी आणली का विचारावं तसा. पण हा प्रश्न ते सत्तेचाळीस वर्षं तोंडात धरून बसले होते, आणि इतका वेळ धरला होता की आता त्याची धारही राहिली नव्हती. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. त्याला दिसलं, दादा त्या ‘हो’ची वाट बघताहेत. आणि हेही दिसलं की तो होकार मिळाला तर ते तसेच जातील, आणखी दोन वर्षांनी किंवा चार, लांबच्या गल्लीने.

“जागा होतो,” तो म्हणाला. “चरखी नंतर फिरली, दादा.”

दादांनी हात ओढून घेतला नाही. स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, मला एकट्यालाच माहीत आहे.”

मग त्यांनी सांगितलं, तुटक-तुटक, मधे थांबून. स्टेशनवरून फोनची घंटा झाली, गाडी सुटल्याचं कळलं. आतून तो तापात बडबडत होता. पट्टी बदलून येतो, म्हटलं, मिनिटाचं काम. पाणी गार नव्हतं म्हणून माठातलं घेतलं. बस्स. “तुझ्यामुळे नाही हं,” ते एकदम म्हणाले. “तसं मनात आणू नकोस. पोरं आजारी पडतातच. आधी फाटक, मग पोरगा, हा माझा धडा होता, मी चुकलो.” कानामागे गार पाणी ओघळलं, ते त्याला आत्ता ओघळल्यासारखं जाणवलं.

“उघडं होतं, असं लिही,” दादा म्हणाले.

“तुम्हाला त्रास होईल. लोक विचारतील.”

“चौऱ्याऐंशीच्या माणसाला कोण काय करतंय? फाटकवाला लिही, तेवढं पुरे. नाव घालायचं तर त्याचं घाल.” आणि त्यांनी चालकाचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, न अडखळता. ज्यांना गेल्या वर्षापासून सुनेचं नाव घेताना विचार करावा लागत होता, त्यांनी. त्या घरात ते नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं. त्याने उठून कागद आणला, लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. दादांनी मान डोलावली.

“रोजचा होता तो,” ते म्हणाले. “सकाळी एक फेरी, दुपारी एक. जाताना हात करायचा, मीही करायचो. बोलणं असं कधी झालं नाही. नाव मला नंतर यादीत कळलं.” नखं कापायचा पंचा मांडीवरून घसरला तो त्यांनी उचलला नाही. “त्या दिवशी मी धावत बाहेर आलो तेव्हा तो रुळांच्या अलीकडे होता. गाडीचा आवाज त्याला आला नसणार, त्याच्या बसचाच केवढा आवाज. ओरडून उपयोग नव्हता. मी दोन्ही हात वर केले. असे.”

त्यांनी तपेलीच्या पाण्याने मऊ पडलेले ते हात वर केले. खांद्याच्या वर ते आता जात नव्हते, तिथेच थरथरत राहिले. दोन नखं कापलेली, बाकीची वाढलेली.

“रोज मी एकच हात करायचो ना,” दादा म्हणाले. “त्याला वाटलं असेल, आज गडी खुशीत आहे. हसला. आणि बस पुढे घेतली.”